चौदा नंबरची नळी

आमच्या गावात गाय मेली की आधी कुणाला तरी धरायचं असतं, डॉक्टर नंतर. त्या वर्षी उन्हाळा सरता सरता पंधरा दिवसांत सहा गाई गेल्या आणि सातवी आडवी व्हायच्या आत सगळ्या गावाचं एकमत झालं, की हे काम मेंढ्यांचं. असं एकमत आमच्या गावात कधी रस्त्यावर झालं नाही, पाटाच्या पाळीवर झालं नाही, सोसायटीच्या निवडणुकीत तर नाहीच नाही. मेंढ्यांवर मात्र अर्ध्या तासात झालं, तेही पारावर तंबाखू मळता मळता.

गाव शिरूर तालुक्यातलं, मांडवगण फराट्याच्या अंगाला. भीमा ओलांडली की दौंड तालुका लागतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, गावच्या दूध संकलन केंद्राचा सेक्रेटरी. मी पुण्यात जनावरांच्या रोगांच्या एका प्रयोगशाळेत काम करते. गावाला एवढंच ठाऊक आहे की मी रक्त तपासते, त्यामुळे गेल्या गेल्या निम्मे लोक मला स्वतःची शुगर विचारतात.

मेंढ्या आबांच्या होत्या. आबा धनगर. त्यांच्या पणजोबांनी गावात मुक्काम टाकला तो टाकलाच. पाटाच्या कडेला दोन एकर जमीन, नव्वदेक मेंढरं, दोन गाई. दोन्ही मुलं कोरेगाव भीमाकडच्या कारखान्यांत कामाला. दर वर्षी पीक निघालं की आबांची मेंढरं आमच्या रानात बसायची. आठ-आठ दिवस वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं रानात ठेवायची, लेंडीखत पडलं की पुढच्या रानात हलवायची, अशी पद्धत. आमच्या ज्वारीला ज्या खताने दाणा धरला, ते खत आबांच्या मेंढरांचं. लहानपणी मी त्या वाघरीत शिरून कोकरं उचलायची आणि आबा ओरडायचे, "पोरी, त्याच्या आईला तर इचार!" एवढी ओळख असलेल्या माणसाच्या दोन गाईंचं दूध दादाने केंद्रावर घ्यायचं बंद केलं. रोग दुधातून पसरतो म्हणे. हे शास्त्र त्याला कुणी शिकवलं, ते मी आजवर विचारते आहे.

दादाचा फोन आला तो असा. "तू ये, रक्त घे, आन् मेंढरांचंच हाय हे एकदाचं सिद्ध करून टाक. ग्रामसभा लावलीय. ठराव करायचाय."

"सिद्ध करायला येत नाही, तपासायला येते," मी म्हणाले.

"तेच की."

तेच नव्हतं. ठराव असा होता की गावच्या शिवारात मेंढरं फिरवायची नाहीत. पाटाच्या कडेचं गवत बंद, गायरान बंद. नव्वद मेंढरं काय दोन एकरांत जगतात? ठराव झाला की आबांनी कळप विकायचा, दुसरा अर्थच नाही. हे दादाला माहीत होतं, सरपंचाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

रोग कुठला, ते तालुक्याच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं: गोचीड ताप. गोचीड चावते आणि तिच्या लाळेतून एक परजीवी गाईच्या रक्तात जातो. ताप चढतो, खांद्यापुढची गाठ फुगते, गाय चारा सोडते. संकरित गाय असेल आणि इंजेक्शन वेळेवर मिळालं नाही, तर जाते. जी वाचते तिच्या रक्तात तो परजीवी मुकाट राहतो. ती धडधाकट दिसते, दूध देते आणि नव्या गोचिडींना तो पुरवत राहते. मेंढ्यांचे परजीवी सहसा वेगळे असतात. पण क्वचित गाईचा परजीवी मेंढीतही सापडतो, त्यामुळे मेंढ्या न तपासता आबांना निर्दोष म्हणायची सोय नव्हती.

आमच्या प्रयोगशाळेत त्या वेळी नेमकं हेच काम चालू होतं. एकाच परजीवीचे अनेक वाण असतात. डीएनए प्रोब वापरून ते वेगळे ओळखायचे. प्रोब म्हणजे डीएनएचा छोटा तुकडा, आपणच ठरवून बनवलेला. तळहाताएवढ्या नायलॉनच्या चौकोनावर एकेका ओळीत एकेका वाणाचा प्रोब पक्का बसवलेला असतो. त्यावर नमुन्यातला डीएनए सोडायचा. जुळला तर चिकटतो, नाही तर धुऊन जातो. चिकटला तिथे फिल्मवर काळा ठिपका उमटतो. मेलेल्या गाईंचं रक्त डॉक्टरांनी जपून ठेवलं होतं. त्यांच्यातला वाण कुणाच्या जनावरात सापडतो ते बघायचं, एवढंच काम. साहेबांना नमुने हवेच होते, त्यांनी लगेच गाडी दिली.

आता मी काय केलं ते सांगते, कारण इतरांना शिव्या घालायच्या तर आपलं आधी सांगितलेलं बरं.

पहिल्यांदा आबांकडे गेले. प्रत्येक नळीमागे एक फॉर्म असतो. हे रक्त याच जनावराचं आहे, माझ्यासमोर घेतलं, खाली मालकाची सही किंवा अंगठा. तीस मेंढ्यांचं रक्त मी स्वतः काढलं. सरपंचाचा माणूस पाळत ठेवायला उभा होताच, वर मला म्हणाला, "मॅडम, म्हातारं लबाड हाय, नीट बघून घ्या." मी त्याला गप्प बसवलं नाही. उलट जास्तच काटेकोर झाले. मेंढीच्या कानावर नंबर, नळीवर नंबर, फॉर्मवर नंबर. पिशवीतून शाईचा पॅड काढला आणि आबांना म्हणाले, "अंगठाच द्या आबा, लवकर होईल."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पॅडकडे. तीस वेळा अंगठा दिला. शेवटी धोतराला पुसायला गेले आणि धोतरही निळं झालं. "झालं का मॅडम?" म्हणाले. मॅडम हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. त्यांना उन्हाचा त्रास होतोय असं मनाशी म्हटलं आणि पुढे निघाले.

गावातल्या दुसऱ्या गोठ्यांचे नमुने घेत घेत शेवटी घरी आले. वहिनीने चहा टाकला, पोहे केले. दादाच्या सहा गाई. गाईंच्या नळ्यांचे नंबर मेंढ्यांपेक्षा वेगळे होते, त्यांतल्या नऊ ते चौदा नंबरच्या नळ्या त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या. नऊ नंबर जुनी तांबडी गाय. चौदा नंबर नवी, काळी-पांढरी, दोन महिन्यांपूर्वी दौंडच्या एका व्यापाऱ्याकडून आणलेली, मूळची परराज्यातली. तिचं दूध बघायला म्हणे लोक येत होते. दादाने तिला महिनाभर दूध केंद्रामागे, खोड्याशेजारी बांधून ठेवली होती. खोडा म्हणजे लोखंडी पाइपांची चौकट. रेतनाला किंवा इंजेक्शनला गाई तिथे अडकवतात. गावातली प्रत्येक गाय कधी ना कधी तिथे उभी राहते. अशा ठिकाणी गाय मिरवली की सगळ्या गावाच्या डोळ्यात भरते, हा हिशोब.

पाच गाईंचं रक्त काढलं. सहावी गोठ्यात नव्हतीच.

"ती मळ्यात ठिवलीय," वहिनी म्हणाली. "गाभण हाय. गावाची नजर लागली तिला, चार दिस चारा खाल्ला न्हाई. आता कुणाला दाखवत न्हाई मी. काळा दोरा बांधलाय."

"वहिनी, रक्त घ्यायचंय, दृष्ट नाही लावायची."

"गाभण गाईला परक्याची सुई नगं," वहिनी म्हणाली आणि आत गेली. दादा हसला. "ऊन झालंय, तू बस. मला सुई मारता येती. मी जाऊन आनतो." अर्ध्या तासात भरलेली नळी घेऊन आला. मी फॉर्म पुढे केला, तर म्हणाला, "आता घरातल्या घरात फॉर्म कसला?" मलाही ते पटलं. सहाही फॉर्मवर सहीची जागा कोरी ठेवली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

नऊ दिवसांनी फिल्म हातात आली. आबांच्या तीस मेंढ्यांत मेंढीचाच परजीवी होता, तोही थोड्यांतच. गाईच्या एकाही प्रोबवर ठिपका नाही. मेलेल्या सगळ्या गाईंत एकच वाण, सात नंबरच्या ओळीतला. आणि गावातल्या तपासलेल्या एकाही जिवंत गाईत तो सात नंबर नव्हता. त्यांच्यात आपल्या भागातले नेहमीचे वाण होते, कुणात दोन, कुणात तीन. म्हणजे मारणारा वाण बाहेरून आला होता आणि कुठून आला ते दिसत नव्हतं. मी तसाच अहवाल पाठवला. मेंढ्यांमध्ये आढळला नाही, हे वाक्य ठळक केलं. वाटलं, आबा सुटले.

ग्रामसभेत दादाने अहवाल वाचला. मग सरपंच म्हणाले, गाईत न्हाई आन् तपासलेल्या मेंढरात न्हाई, म्हंजी न तपासलेल्या मेंढरात हाय. म्हाताऱ्यानं आजारी मेंढरं लपवली. तीस फॉर्मवर तीस अंगठे देणाऱ्या माणसाने जनावरं लपवली, आणि हे सगळ्यांना पटलं! ठराव झाला. पुढच्या बाजाराला दोन टेम्पो आले आणि कळप गेला. मेंढ्या विण्याच्या बेतात होत्या. अशा वेळी कुणी धनगर मेंढरं विकत नाही. दादाने मला फोनवर सांगितलं, "इषय संपला बघ." आवाजात समाधान होतं. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा मला त्या समाधानाची किळस आली.

विषय चार दिवसही संपलेला राहिला नाही. मेंढरं गेली आणि आठवी गाय मेली. आता दादाचा आवाज वेगळा होता. मी कपाटातून फिल्म काढली आणि पुन्हा दिव्यावर धरली. पहिल्या वेळी मी फक्त सात नंबरची ओळ बघितली होती. घरच्या नळ्यांकडे तर नीट पाहिलंच नव्हतं, घरच्याच होत्या ना. या वेळी नववी आणि चौदावी शेजारी शेजारी ठेवून बघितली. दोन्हींत तेच तीन वाण. तोच एक गडद, तोच एक मध्यम, आणि तिसरा इतका फिका की भिंग लावूनच दिसावा, तोही दोन्हींत. दौंडहून आलेल्या परराज्यातल्या गाईच्या रक्तात आमच्या तांबडीचे वाण, तेही त्याच प्रमाणात.

साहेब म्हणाले योगायोग असेल. मी म्हटलं, तपासून बघते. नळीत परजीवीबरोबर गाईचंही रक्त असतं, तिचाही डीएनए असतो. दोन दिवसांत उत्तर आलं. नऊ आणि चौदा, एकच गाय.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण आमच्याच घरात जन्मली असावी. गाडी काढली. वाटेत शिरूरला तालुक्याच्या डॉक्टरांना घेतलं आणि घरी न जाता सरळ मळ्यात गेले. ती काळी-पांढरी गाय लिंबाखाली रवंथ करत होती, गळ्यात काळा दोरा, अंगावर आजाराची एकही खूण नाही. डॉक्टरांनी रक्त काढलं. मागून दादा मोटारसायकलवर आला.

"तांबडीचं रक्त चौदा नंबरमध्ये का भरलंस?" मी विचारलं.

तो आधी गोंधळला, मग चिडला. "तुझी वहिनी सुई लावू दिईना. तू घाई करत व्हतीस. तांबडी हाताशी व्हती. एकाच गोठ्यातलं रक्त, काय फरक पडतो?"

"आणि रोग हिच्यात निघाला तर सेक्रेटरीचं काय होईल, याचा फरक पडत नव्हता?"

त्याने डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर मळ्यातल्या गोठ्याची भिंत बघत होते. दादा म्हणाला, "मला वाटलं, हिला काय झालेलंच न्हाई. बघ ना कशी टणटणीत हाय."

माझा त्याच्यावर त्या क्षणी थोडाही विश्वास नव्हता. आजही नाही. नजरेची भीती वहिनीची खरी होती, पण दादाने ती भीती पांघरून घेतली. त्या काळ्या-पांढऱ्या गाईच्या खऱ्या रक्तात सात नंबरचा वाण निघाला, गडद काळा. गोचिडींनी तो हिच्या अंगावरून उचलला, खोड्याच्या आसपास भेगांत पडल्या आणि खोड्यात येईल त्या गाईला दिला. मेलेल्या आठही गाई त्या महिन्यात खोड्यात उभ्या राहिल्या होत्या. हे विचारायचं मला पहिल्या दिवशी सुचलं असतं, पण मी मेंढ्यांच्या कानांवर नंबर टाकत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं, आणि दोर मीच वळून दिला होता.

नवा अहवाल घेऊन मी आबांकडे गेले. वाघर गुंडाळून भिंतीला टेकवली होती. कळपाचं कुत्रं रिकाम्या जागेत बसलं होतं, उठलं नाही. आबा अंगणात दोरी वळत होते. मी सगळं सांगितलं, कुणाच्या गाईत वाण निघाला, कुणी कुणाचं रक्त भरलं, सगळं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"सेक्रेटरीच्या नळीवर अंगठा व्हता का?"

"नाही," मी म्हणाले. "त्याचे फॉर्म मी कोरे ठेवले."

अहवाल मिळाल्याची पोच हवी होती म्हणून मी कागद पुढे केला आणि सवयीने पिशवीत हात घातला. पॅड अर्धा बाहेर आला होता. आबांनी माझ्या खिशातला पेन काढून घेतला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सही केली. आडनावासकट, वर रेघ ओढून. माझ्या साहेबांच्या सहीपेक्षा स्वच्छ.

"सही येती मला," ते म्हणाले. "साक्षरतेच्या वर्गाला गेलो व्हतो दोन वर्सं. त्या दिशी इचारलं न्हाई तुमी, मॅडम."

मला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. माफी मागितली. त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली आणि कळप परत घेणार का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मेंढरं काय दुकानात मिळत्यात? ती मला वळखत व्हती."

घरी आले. दादा जेवायला बसला होता. मी त्याच्या ताटाशेजारी एक फॉर्म ठेवला. चौदा नंबरच्या नळीत मी नऊ नंबरच्या गाईचं रक्त भरून दिलं, एवढंच त्यावर लिहिलं होतं. शेजारी पॅड उघडून ठेवला.

"पेन दे," तो म्हणाला.

"अंगठा."

"डोकं फिरलंय का तुझं? मी बी.कॉम. हाय."

"आबांना सही येते. तीस अंगठे दिले त्यांनी. तू एक दे, नाहीतर हाच मजकूर तुझ्या नावानिशी मी जिल्ह्याच्या ऑफिसला पाठवते, आणि मग अंगठ्यावर भागणार नाही."

वहिनी रडायला लागली. नजर लागली ती आमच्या घरालाच, म्हणाली. दादाने मला जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. परक्याची बाजू घेते, माहेरात बसून माहेराचं नाक कापते, शिकून शहाणी झाली. मी उभीच राहिले. शेवटी त्याने अंगठा पॅडवर इतक्या जोरात दाबला की शाई नखाच्या कडेपर्यंत गेली. हात तीनदा धुतला. साबणाने ती शाई निघत नाही, हे मला माहीत होतं. सांगितलं नाही.

सकाळी केंद्रावर गेले. फॉर्मची एक प्रत मी स्वतः फळ्यावर चिकटवली, दुधाच्या दरपत्रकाच्या शेजारी. माणसं वाचत होती आणि वाचून दादाकडे बघत होती. दादा अंगठा मुठीत दडवून खुर्चीत बसला होता. पण फॅटसाठी दुधाचा नमुना घ्यायचा तर मूठ उघडावीच लागते. कुणी विचारलं, "सेक्रेटरी, मतदान कवा झालं?" हशा पिकला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग रांगेत आबा आले, हातात दुधाची किटली. हसणाऱ्यांनी त्यांना वाट करून दिली. यांतल्याच प्रत्येकाने ठरावाला हात वर केला होता. आबांनी किटली टेबलावर ठेवली. दादाने मान वर न करता झाकण काढलं, नमुना घेतला, वहीत आकडा लिहिला. आबा त्याच्या निळ्या अंगठ्याकडे बघत होते.

"साबनानं जात न्हाई ती, सेक्रेटरी," ते म्हणाले. "रॉकेलचा बोळा लावा. माझी तवा आठ दिस गेली नव्हती."

मग रिकामी किटली उचलून पाटाच्या वाटेने घरी गेले.